गाडीतला रेडिओ शनिवारी रात्रीच का बंद पडतो?



मागच्या अंकात आम्ही प्रवासात औषधे कशी न्यावीत यावर लिहिले होते. त्यावर फोन आले ते औषधांबद्दल कमी आणि झोपायच्या गाडीबद्दल जास्त! आपल्या लोकांत हल्ली ही नवी हौस आली आहे. जुनी व्हॅन घ्यायची, मागे पलंग, छोटा फ्रीज, पाण्याचा पंप बसवायचा आणि शुक्रवारी दुपारी मुलं-नातवंडं घेऊन मख्तेश रामोन नाही तर किन्नेरेथ गाठायचं. फोन करणाऱ्यांपैकी तिघांची तक्रार अगदी एकच होती. गाडीतला स्टिरिओ इतर वेळी छान चालतो, पण हवदाला झाल्यावर शनिवारी रात्री लावला की दोन मिनिटांत आपोआप बंद पडतो. पुन्हा लावला की पुन्हा बंद. घड्याळ बारावर येऊन बसतं ते वेगळंच.

आता हा प्रश्न नर्सबाईंना का, असे कुणी विचारेल. त्याचं उत्तर ज्या बॅटरीवर तो रेडिओ चालतो त्याच बॅटरीवर फ्रीज चालतो, हे आहे. आणि आपल्या वयाच्या माणसांच्या फ्रीजमध्ये नुसतं दही-दूध नसतं, इन्सुलिन असतं. रेडिओ गप्प झाला तर कुणी मरत नाही. पण दुसरी बॅटरी संपत आली की पहिल्यांदा रेडिओच बोंब मारतो, फ्रीज मुकाट्याने नंतर बंद पडतो. म्हणून रेडिओची तक्रार आम्ही तापासारखी धरतो. ताप हा रोग नाही, खूण आहे. क्रोसिन देऊन झाकायची नाही.

आमच्या भाच्याच्या गाडीलाही हाच आजार होता. तिथं जे घडलं ते सविस्तर सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

भाच्याने दिमोनाहून गाडी दोनदा मुसाखमध्ये नेली. दोन्ही वेळेला मुसाखवाल्याने गाडी चालू केली, रेडिओ लावला, खणखणीत वाजला. "काही झालेलं नाही," म्हणाला. मग भाच्याने नवा स्टिरिओ विकत आणून बसवला. तोही शनिवारी रात्री बंद! म्हणजे पैसे गेले आणि दुखणं तसंच. मुसाखवाला खोटं बोलत नव्हता, पण त्याने रोगी तपासला तो दिवसा, इंजिन चालू असताना. दुखणं होतं रात्री, इंजिन थंड असताना. वॉर्डात रात्रीपाळी केलेल्याला हे नवीन नाही. सकाळी डॉक्टरांच्या राउंडला टवटवीत दिसणारा पेशंट रात्री दोन वाजता कसा असतो ते नर्सलाच ठाऊक.

मुलांनो, आधी गाडीत दोन बॅटऱ्या का असतात ते समजून घ्या. (तुम्ही तिला मत्सबेर म्हणता, आम्ही बॅटरी म्हणू.) पुढच्या झाकणाखालची पहिली बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते. ती आजोबांसारखी. एकदाच मोठा जोर लावते, दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर देते आणि मग बसते. पलंगाखालची दुसरी बॅटरी आजीसारखी. थोडं थोडं, पण दिवसभर आणि रात्रभर. दिवे, पंप, फ्रीज, रेडिओ सगळं तिच्या जिवावर. गाडी पळत असते तेव्हा इंजिनावरचा अल्टरनेटर दोघींना भरतो. इंजिन बंद झालं की मधला रिले नावाचा दरवाजा बंद होतो. म्हणजे रात्री कितीही रेडिओ ऐकला तरी सकाळी गाडी चालू व्हायला पहिली बॅटरी शाबूत राहते. कल्पना चांगली आहे.

आता शनिवारचा हिशोब करू. शुक्रवारी दुपारी तीनला गाडी जागेवर उभी केली. शब्बाथ लागला. इंजिन कुणी चालू करणार नाही. शनिवारी तारे दिसेपर्यंत उन्हाळ्यात साडेआठ वाजतात. म्हणजे जवळजवळ ३० तास दुसरी बॅटरी नुसती देते आहे, घेत काहीच नाही. छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रीज चालू असताना ४ अँपिअरच्या आसपास खातो. नेगेवच्या उन्हात तो निम्मा वेळ तरी चालूच असतो. म्हणजे सरासरी ताशी २ अँपिअर. ३० गुणिले २, झाले ६० अँपिअर-तास. बॅटरीवर लिहिलेलं असतं १००. पण चार उन्हाळे काढलेल्या बॅटरीत १०० राहत नाहीत, ७० राहिले तरी नशीब. उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे आणि बंद गाडीत पलंगाखाली काय भट्टी असते ते सांगायला नको. तर ७० मधून ६० गेले. मंगळवारी घरासमोर रेडिओ का चालतो आणि शनिवारी रात्री का नाही, याचं निम्मं उत्तर इथंच मिळालं. निम्मंच म्हणतो, कारण उरलेलं निम्मं वायरमध्ये होतं आणि ते जास्त मजेदार आहे.

तपासणीसाठी एकच यंत्र लागतं, मल्टिमीटर. हिब्रूत रव-मोदेद. साधा, स्वस्तातला चालतो. चकती डी.सी. व्होल्टच्या २० वर ठेवायची, काळी वायर निगेटिव्हला, तांबडी पॉझिटिव्हला. बारा व्होल्टला शॉक बसत नाही, म्हणून आकडे वाचण्याचं काम दहा-अकरा वर्षांच्या नातवंडाला द्यायला हरकत नाही, मोठं माणूस शेजारी हवं. त्यांची नजर आपल्यापेक्षा चांगली.

पण आधी हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. हे आम्ही मुद्दाम ठळक सांगतो. बारा व्होल्टचा शॉक बसत नसला तरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला पाना किंवा सोन्याची बांगडी लागून दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लागलं तर शेकडो अँपिअर त्या धातूतून धावतात. अंगठी तापून लाल होते आणि बोटातून निघत नाही. असं भाजणं खोलवर जातं, हाडापर्यंत. वायर सोडवायची असेल तर निगेटिव्ह आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. लावताना उलट, पॉझिटिव्ह आधी.

पहिलं मोजमाप बॅटरीच्या दोन टोकांवर, सगळं बंद करून, शक्यतो तास-दोन तास विश्रांती दिल्यावर. साध्या शिशाच्या बॅटरीला १२.७ म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धं. १२.० म्हणजे पाव. ११.८ म्हणजे रिकामी. बघा, भरलेली आणि रिकामी यांत पूर्ण एक व्होल्टचाही फरक नाही! म्हणून "मीटर बारा दाखवतो, म्हणजे ठीक आहे" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माणसाचा ताप ३७ आणि ३९ यांत दोनच अंशांचा फरक असतो, पण एक घरी असतो आणि दुसरा आमच्याकडे. शिवाय ही बॅटरी अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं.

दुसरं मोजमाप इंजिन चालू करून. दोन्ही बॅटऱ्यांवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. पहिलीवर १४.२ आणि दुसरीवर १२.३ च राहिले तर भरती तिच्यापर्यंत पोचतच नाही. मधला फ्यूज उडाला असेल, रिले मेला असेल किंवा टोकाला पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल. एक गोष्ट नव्या गाड्यांची. साधारण २०१५ नंतरच्या बऱ्याच व्हॅनमध्ये अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी आपला दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे नुसता रिले पुरत नाही, डी.सी. ते डी.सी. चार्जर लागतो. भाच्याची गाडी २००६ ची, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. तिथं भरती ठीक होती.

तिसरं मोजमाप कुणी करत नाही आणि खरा चोर तिथंच लपतो. रेडिओ बाहेर ओढून त्याच्या पाठीमागच्या वायरींवर मोजायचं. तेही रेडिओ वाजत असताना आणि आवाज मोठा करून. बॅटरीवर किती आहे ते महत्त्वाचं नाही, रेडिओच्या तोंडाशी किती पोचतं ते महत्त्वाचं. सलाईनची बाटली वर भरलेली दिसते, पण नळी दुमडली असेल तर पेशंटला काय मिळणार? नर्सने बाटलीकडे नाही, सुईकडे बघायचं असतं.

भाच्याकडे शनिवारी रात्री हवदालानंतर मोजलं. बॅटरीवर ११.९. रेडिओच्या पाठीमागे, आवाज मोठा केल्यावर, १०.४. दीड व्होल्ट वाटेतच गायब! बरेच स्टिरिओ अकराच्या खाली कुरकुर करू लागतात आणि साडेदहाच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. बंद झाला की ओढ संपते, दाब परत वर येतो, म्हणून पुन्हा लावता येतो. मग पुन्हा बंद. दोन मिनिटांचा खेळ चालू राहतो तो असा. इंजिन चालू असताना मात्र बॅटरीवर १४.२, त्यातून दीड गेले तरी १२.७ उरतात, रेडिओ आनंदात! मुसाखवाल्याला काही सापडलं नाही ते यामुळे.

आवाज मोठा करण्याचं महत्त्व आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मागच्या सीटवर ऐंशीच्या पुढच्या दोन मावश्या. एकीला कीर्तनाची सीडी हवी, दुसरीला मुकेशची गाणी, आणि दोघींचं एकच म्हणणं, "जरा मोठं कर रे." तरुण मुलं ऐकतात तेवढ्या आवाजात हाच स्टिरिओ दीड-दोन अँपिअरमध्ये भागवतो. मावशींच्या आवाजाला पाच लागतात, ढोलकीच्या ठेक्याला त्याहून जास्त. अँपिअर दुप्पट-तिप्पट झाले की वायरमध्ये हरवणारे व्होल्टही दुप्पट-तिप्पट होतात. आम्ही शाळेत हा ओहमचा नियम मराठीतून पाठ केला होता. विद्युतदाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. परीक्षेनंतर त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता दीड व्होल्ट नेमके कुठे गेले? शोधायची युक्ती सोपी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं रेडिओच्या पिवळ्या वायरला, रेडिओ मोठ्याने वाजत असताना. एरवी इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसतील तेवढे व्होल्ट त्या रस्त्यात गळतात. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून रेडिओच्या काळ्या वायरपर्यंत. (मीटरची वायर पोचत नसेल तर कुठलीही लांब वायर जोडून घ्या, मोजमापाला फरक पडत नाही.) भाच्याकडे पिवळ्या बाजूला ०.६ निघाले आणि काळ्या बाजूला ०.९.

पिवळ्या बाजूचं कारण बारीक वायर. पलंगाखालून पुढच्या डॅशबोर्डपर्यंत पाच मीटर, आणि गाडी बांधून देणाऱ्याने टाकली होती पाऊण चौरस मिलिमीटरची. घरच्या टेबल लँपला ती चालते, कारण तिथं दाब २३० आणि प्रवाह नगण्य. बारा व्होल्टच्या जगात वायरची जाडी हेच सर्व काही. चार चौरस मिलिमीटरची टाकली, ०.६ चे ०.१ झाले. खर्च फार नाही, मेहनत मात्र आहे. सगळं फर्निचर उचकावं लागतं.

काळ्या बाजूचं कारण ऐकून तर हसू येईल. निगेटिव्ह वायर जवळच्या पत्र्याला एका स्क्रूने लावली होती. स्क्रू घट्ट, वायर चांगली, पण पत्र्यावरचा रंग खरवडलाच नव्हता! रंगावर वीज चालत नाही. स्क्रूच्या आट्यांना जेवढा पत्रा लागत होता तेवढ्यावर सगळा कारभार. पॉलिश पेपर घेऊन पत्रा चकचकीत केला, थिंबल नीट दाबून बसवली, वरून थोडं ग्रीस लावलं म्हणजे गंज नको. ०.९ चे ०.१. पंधरा मिनिटांचं काम. ज्यांना फक्त एकच गोष्ट करायची शक्ती आहे त्यांनी ही करावी. आमच्या मते अशा गाड्यांतल्या निम्म्या तक्रारी या काळ्या वायरीपाशीच येऊन थांबतात, पण सगळे बघतात ते तांबड्या वायरीकडे.

एक सोपी खूणही सांगून ठेवतो. मीटर नसेल तर कान लावा. फ्रीज घुर्रर्र करून सुरू होतो त्याच क्षणी रेडिओ बंद पडतो का? पडत असेल तर फ्रीज आणि रेडिओ एकाच बारीक वायरीवर टांगलेले असण्याची शक्यता मोठी. दोघांना बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र फ्यूज द्या.

आता रंगांचा घोटाळा. स्टिरिओच्या मागे साधारण पिवळी, तांबडी, काळी आणि निळी अशा वायरी येतात. लोक समजतात की तांबडी मुख्य आणि पिवळी फक्त घड्याळ नि स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरती. बहुतेक नव्या स्टिरिओंमध्ये उलट आहे. खरा खाऊ पिवळीतून जातो, तांबडी फक्त "चालू हो" म्हणून सांगते. म्हणून पुष्कळजण पिवळी पहिल्या बॅटरीला जुनीच ठेवतात, तांबडी दुसरीला जोडतात आणि निर्धास्त होतात. प्रत्यक्षात रात्रभर गाणी वाजतात पहिल्या बॅटरीवर, आणि सकाळी आजोबा उठतच नाहीत! मग वाळवंटात दुसऱ्या गाडीची वाट बघत बसा. दुसऱ्या बॅटरीवर रेडिओ चालवायचा तर पिवळी आणि तांबडी दोन्ही दुसरीला. तांबडीमध्ये एक छोटा खटका बसवा, म्हणजे किल्लीशिवाय लावता येतो आणि विसरून चालू राहत नाही. काही गाड्यांच्या मूळ जोडणीत पिवळी आणि तांबडी अदलाबदल केलेल्या असतात. तेव्हा रंगावर विश्वास न ठेवता मीटरने खात्री करा. किल्ली काढल्यावरही जिच्यात बारा व्होल्ट राहतात ती कायमची.

घड्याळ दर वेळी बारावर जातं त्याचंही कारण इथंच. पिवळीचा पुरवठा कुठेतरी तुटतो. कुणी झोपताना दुसऱ्या बॅटरीचा मोठा खटका बंद करत असेल तर रेडिओ सगळं विसरणारच. आणि गाडी चालवताना स्पीकरमधून गुंईंईं असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की वर चढतो, तो अल्टरनेटरचा. आधी फोनचा चार्जर उपटून बघा. आवाज गेला तर दोष चार्जरचा. नाही गेला तर पुन्हा काळ्या वायरीकडे वळा आणि रेडिओ नि ॲम्प्लिफायर यांचं निगेटिव्ह एकाच जागी आणा.

फ्यूजबद्दल थोडं. फ्यूज रेडिओला वाचवण्यासाठी नसतो, वायरला आग लागू नये म्हणून असतो. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर हवा, पाच मीटर पुढे रेडिओपाशी लावून उपयोग नाही. रेडिओपाशी स्वतःचा छोटा असतोच. रंग मुलांनी पाठ करावेत, तांबडा १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडाला तर त्याच रंगाचा घाला. पुन्हा उडाला तर कारण शोधा. चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवणारे आमच्या पिढीत पुष्कळ होते. गाडीत माणसं झोपतात, तेव्हा ते बंद. तसंच पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी पलंगाखाली ठेवू नका. भरताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, त्याला बाहेर काढणारी नळी हवीच. बंद एजीएम बॅटरीचं भय कमी.

लिथियमची बॅटरी ज्यांनी घेतली आहे त्यांनी वरचे आकडे विसरावेत. ती रिकामी होत आली तरी १३ च्या आसपास दाखवते आणि मग एकदम दिवा विझल्यासारखी बंद होते. तिला अँपिअर-तास मोजणारा वेगळा मीटर लागतो.

वायरी सुधारल्यावर भाच्याचा रेडिओ शनिवारी रात्री वाजू लागला. पण आम्ही त्याला तिथंच थांबू दिलं नाही. बॅटरीवर अजून ११.९ च होते ना! रेडिओ वाजला म्हणजे ताप उतरला, रोग आहे तिथंच. शब्बाथला इंजिन चालू करायचं नाही, मग भरती कुठून? वरून. छतावर १०० वॉटचा सौर पॅनेल आणि त्याचा कंट्रोलर बसवला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो दिवसाला साधारण २५ ते ३० अँपिअर-तास देतो, कुणी हात न लावता. ६० मधले निम्मे तिथून आले. शब्बाथला वीज कशी वापरावी यात आम्ही पडत नाही, ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीने आणि आपल्या रब्बींना विचारून ठरवावं.

बाकीची काटकसर फ्रीजची. तो घरीच, घरच्या विजेवर आदल्या रात्री थंड करून न्यायचा. आत कोमट पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या नाहीत. गाडी सावलीला, फ्रीजच्या पाठीमागे हवा खेळती. एवढ्याने त्याचं चालणं बरंच कमी होतं.

आता इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन मात्र फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नाही. बहुतेक प्रकारांत ते २५-३० अंशांपर्यंत चार आठवडे टिकतं, आपल्या प्रकाराचा कागद वाचून घ्या. म्हणजे फ्रीज बंद पडला तर घाबरून जाऊ नका, चालू पेन पिशवीत सुरक्षित आहे. पण उन्हात उभ्या बंद गाडीत ५० अंश सहज होतात, तिथं कुठलंच इन्सुलिन ठेवायचं नाही. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, वीज लागत नाही, एक जवळ असावी. आणि दुसरं टोक, फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून ठेवलं तर इन्सुलिन गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं दिसतं, तरी टाकून द्यायचं. फ्रीजमध्ये एक छोटा थर्मामीटर ठेवा. बॅटरी संपून फ्रीज रात्री बंद पडला आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा चालू झाला तर हात लावून काही कळत नाही. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ते सांगतो.

मुलांनो, तुमच्यासाठी काम. एक वही घ्या आणि चार रकाने आखा. तारीख-वेळ, बॅटरीवर किती, रेडिओपाशी किती, फ्रीजमध्ये किती अंश. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याआधी एकदा आणि शनिवारी हवदालानंतर एकदा लिहायचं. बदल करायचा तर एका वेळी एकच करायचा, आणि तो कधी केला तेही लिहायचं. एकदम तीन औषधं बदलली तर कशानं गुण आला ते कळत नाही. आमच्या नातीच्या वहीत मे महिन्यातली नोंद ११.९ आणि १०.४ अशी आहे. ऑगस्टमधली १२.२ आणि १२.०, फ्रीज ६ अंश. मावश्यांच्या आवाजाला मोजलेलं, हे तिने कंसात लिहून ठेवलं आहे.

ज्यांना स्वतः वायरी हाताळणं जमणार नाही त्यांनी वही घेऊन गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे जावं. साध्या मुसाखवाल्याकडे नको, हशमलाई रेखेव विचारा. "रेडिओ बिघडलाय" म्हणू नका, तो नवा रेडिओ विकेल. म्हणावं, "मपाल मेताख" तपासा, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते. इंजिन बंद ठेवून, रेडिओ मोठ्याने लावून, आधी मिनसच्या बाजूला. आणि तो मोजेपर्यंत तिथून हलू नका. हिब्रू अडली तर नातवाला बरोबर न्या.